ब्रॅड नेलरचा शॉट फुसका गेला की दुसरा मारू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्रॅड म्हणजे बारीक डोक्याचे पातळ खिळे, आणि ते हवेच्या दाबाने मारणारा तुमचा १८ गेजचा (गेज म्हणजे खिळ्याच्या जाडीचं माप) ब्रॅड नेलर घेऊन अजून वर्षही झालेलं नाही. सुरुवातीला बीडिंगच्या पट्ट्या एका दमात मारून होत होत्या. आता दर दहा-पंधरा शॉटमागे एक फुसका जातो. आवाज होतो, लाकडावर खूण उमटते, पण ब्रॅड नाही. मधूनच दोन ब्रॅड एकदम तोंडात शिरतात, वाकतात आणि काम थांबतं. तुम्ही हवेचं प्रेशर ९० वरून ११० पीएसआय (दाबाचं एकक) केलंत, एक दिवस बरं चाललं, मग परत तेच. गंज सोडवायचा स्प्रेही आत मारून पाहिलात. आता ओ-रिंगचा (आत हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा) संच बदलावा की नवीन नेलर घ्यावा, असं विचारताय.

यातलं काही करायच्या आधी तासभर थांबा. मी वीसेक वर्षं फर्निचरच्या कामात आहे आणि वर्कशॉपमधले सगळे नेलर स्वतःच उघडतो, साफ करतो. तुम्ही तक्रारी दोन सांगितल्यात, पण बहुतेक वेळा त्या एकाच दुखण्याच्या असतात. मागच्या शॉटचा ड्रायव्हर (ब्रॅडला ठोकणारी पट्टी) पूर्ण वर गेला, तरच पुढच्या ब्रॅडला तोंडातल्या खोबणीत यायला जागा मिळते. ड्रायव्हर अर्ध्यावर अडकला तर ब्रॅड बाहेरच उभा राहतो आणि पुढचा शॉट फुसका जातो. तो जेमतेम वर गेला असेल तर ब्रॅड तिरका, अर्धामुर्धा आत येतो आणि पुढचा शॉट त्याला वाकवून तोंडात कोंबतो. म्हणून असा नेलर हातात आला की मी जोराचं नंतर बघतो. आधी ड्रायव्हर परत जागेवर जातो का, ते बघतो.

आत काय घडतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हँडल आणि डोक्यातली पोकळी म्हणजे हवेची छोटी टाकीच असते. पाइप जोडला की ती भरून राहते. वरच्या बाजूला हेड व्हॉल्व्ह ही झडप सिलिंडर बंद ठेवते. ट्रिगर दाबला की त्या झडपेवरची हवा निघून जाते, झडप उचलली जाते आणि साठलेली हवा एकदम पिस्टनवर आदळते. पिस्टनच्या खाली जोडलेली पोलादी पट्टी म्हणजे ड्रायव्हर. तो ब्रॅडच्या डोक्यावर बसतो आणि ब्रॅडला लाकडात घालतो. पिस्टन तळाशी असलेल्या रबरी बंपरवर येऊन थांबतो.

परतीचा प्रवास मात्र वेगळा आहे. बहुतेक ब्रॅड नेलरमध्ये पिस्टन वर आणायला स्प्रिंग नसते. तो खाली जाताना थोडी हवा सिलिंडरच्या भिंतीतल्या बारीक भोकांमधून बाहेरच्या कप्प्यात साठते. ट्रिगर सोडला की पिस्टनच्या वरची हवा एक्झॉस्टमधून (हवा बाहेर पडायच्या वाटेने) निघून जाते, आणि ही साठवलेली हवा पिस्टनला खालून वर ढकलते. मार द्यायला भरपूर हवा असते, परतायला मोजकीच. त्यामुळे आत घर्षण थोडं जरी वाढलं, तरी मार व्यवस्थित बसत राहतो आणि परतणं आधी रखडतं. नेलर जोरात वाजतोय, ब्रॅड पूर्ण बसतोय, म्हणून सगळं ठीक आहे असं आपण धरून चालतो ते यामुळेच.

प्रेशर वाढवल्यावर एक दिवस बरं का चाललं, याचं उत्तरही इथेच आहे. ११० वर परतीच्या कप्प्यातही जास्त दाबाची हवा साठली आणि तिने ते घर्षण रेटून नेलं. पण घर्षण तिथेच राहिलं, आणि प्रत्येक शॉटला बंपरवर बसणारा मार मात्र वाढला. १८ गेजचे बहुतेक नेलर ६० ते १०० पीएसआयमध्ये काम करायला बनवलेले असतात. कमाल मर्यादा बॉडीवर छापलेली असते, बऱ्याच मॉडेलवर ती १२० च्या आसपास असते. मर्यादेच्या आत असलात तरी दुखणं झाकायला प्रेशर वाढवू नका. परत ८० ते ९० वर आणा. तपासणीसाठी तर कमी प्रेशरच उपयोगी, कारण कमी प्रेशरवर दोष लपत नाही.

स्प्रेबद्दलही सांगायला हवं. गंज सोडवणाऱ्या स्प्रेमधलं द्रावक आतलं जुनं तेल धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं. मागे राहतो तो पातळ थर, ज्यावर ओ-रिंग नीट सरकत नाही. मारल्या मारल्या नेलर मोकळा वाटतो आणि दोन दिवसांत आधीपेक्षा कोरडा होतो. त्याने तुमचा नेलर कायमचा बिघडला असेल असं मला वाटत नाही, पण आता आत तेल नाही असं धरूनच पुढे जायचं.

इथे बसून मला तुमचा नेलर दिसत नाही, त्यामुळे एकच कारण ठामपणे सांगणार नाही. कॉम्प्रेसर केवढा आहे, पाइप किती लांब आहे, ब्रॅड कुठल्या लांबीचे आहेत, लाकूड कुठलं आहे, नेलर तेल लागणारा आहे की बिनतेलाचा, यांवर बरंच अवलंबून आहे. पण दोष नेमका कुठे आहे ते शोधायची एक रीत आहे आणि ती कुठल्याही मॉडेलला चालते.

रीत अशी: शॉट फुसका गेला की दुसरा शॉट मारायचा नाही. सवयीने आपला हात लगेच पुन्हा ट्रिगर दाबतो आणि पुरावा नाहीसा होतो. त्याऐवजी तिथेच थांबा. बोट ट्रिगरवरून काढा, आधी हवेचा पाइप काढा. पाइप काढल्याशिवाय तोंडाला हात लावायचा नाही, हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगतो. नुसता रेग्युलेटर बंद करून भागत नाही, कारण हँडलमध्ये हवा शिल्लक असते आणि एका शॉटला ती पुरते. पाइप सुटला की मॅगझिन (ब्रॅड भरायचा कप्पा) हळूच मागे ओढा, पुढचा खटका उघडा आणि टॉर्च मारून खोबणीत बघा. खटका नसलेल्या मॉडेलमध्ये तोंडाची पट्टी दोन ते चार ॲलन बोल्टवर असते. ती सोडवायला पाच मिनिटं जातात, पण ती पाच मिनिटं सत्कारणी लागतात.

आत तीनपैकी एक गोष्ट दिसेल. एक, ड्रायव्हरचं टोक खाली, ब्रॅडच्या वाटेत आडवं आलेलं. म्हणजे तो परत गेलाच नाही. दोन, ड्रायव्हर वर आहे, पण खोबण रिकामी आणि ब्रॅड मागेच थांबलेत. म्हणजे ड्रायव्हरचा दोष नाही, ब्रॅड पुढे ढकलला जात नाहीये. तीन, ड्रायव्हरही वर आणि ब्रॅडही खोबणीत, पण तिरका किंवा डोक्याशी चेपलेला. म्हणजे ड्रायव्हर ब्रॅडवर नीट बसला नाही, निसटला. लाकडावरची खूणही वाचा. स्वच्छ, खोल, आयताकृती खूण असेल तर ड्रायव्हर पूर्ण खाली आला होता, फक्त त्याच्यापुढे ब्रॅड नव्हता. खूणच नसेल किंवा अगदी पुसट असेल तर शॉटच अर्धा झाला. तुम्ही म्हणता खूण उमटते, म्हणून तुमच्याकडे पहिलं किंवा दुसरं निघेल असा माझा अंदाज आहे.

आधी पहिलं बघू, कारण जास्तीत जास्त वेळा हेच निघतं. ड्रायव्हर खाली दिसला तर पाइप सुटलेला असतानाच बारीक स्क्रूड्रायव्हरने किंवा पितळेच्या सळईने त्याला तोंडाकडून वर ढकला. हाताला काय लागतं ते नीट अनुभवा. थोडा ताण देऊन, एकसारखा सरकत वर जायला हवा आणि सोडल्यावर तिथेच थांबायला हवा. मध्ये कुठे खरखरला, अडखळला, तर आत कचरा आहे, बंपर फुगून ड्रायव्हरला धरतोय किंवा ड्रायव्हर वाकलाय. ढकलायलाच जड गेला तर आतला भाग कोरडा पडलाय. आणि नेलर उभा धरल्यावर ड्रायव्हर आपल्या वजनाने सुळकन खाली घसरला, तर बहुतेक मॉडेलमध्ये पिस्टनची ओ-रिंग झिजलेली असते, कारण त्या रिंगच्या पकडीवरच तो वर टिकून असतो.

कोरडेपणावर उपाय लगेच करून बघता येतो. हवेवर चालणाऱ्या हत्यारांसाठी मिळणारं पातळ तेल घ्या, चार-पाच थेंब पाइप जोडायच्या तोंडात टाका, पाइप जोडा आणि टाकाऊ लाकडावर वीस-पंचवीस ब्रॅड मारा. गाडीचं इंजिन ऑइल नको, शिलाई मशीनचं नको, स्प्रे तर नकोच. तेल सिलिंडरभर पसरायला एवढे शॉट लागतात. पहिले दोन-तीन शॉट एक्झॉस्टमधून तेलाचा फवारा उडेल, तेव्हा पॉलिश केलेल्या वस्तूपासून लांब राहा. यानंतर फुसके शॉट थांबले तर दुखणं समजलं: रोज कामाला लागताना चार थेंब, दिवसभर सलग काम असेल तर दुपारी आणखी दोन. मात्र बॉडीवर हा बिनतेलाचा नेलर आहे असं लिहिलेलं असेल तर तेल टाकू नका. त्याच्या सिलिंडरमध्ये बनवतानाच ग्रीस भरलेलं असतं आणि तेल त्याला धुऊन काढतं. त्या मॉडेलमध्ये स्प्रे गेला असेल तर उघडून, पुसून, नवीन ग्रीस लावण्याला पर्याय नाही.

तेल टाकूनही ड्रायव्हर खाली राहत असेल तर ओ-रिंगकडे जाण्याआधी हवेकडे बघा. इथे मला जरा जास्त थांबायचंय, कारण नेलरच्या माथी मारलेले निम्मे दोष मला हवेच्या वाटेत सापडले आहेत.

रेग्युलेटरचा काटा ९० दाखवतो, तो शॉट मारत नसताना. शॉट मारताना नेलरपाशी किती पोचतं, हे तो काटा सांगत नाही. एकाला काट्याजवळ उभं करा आणि भराभर दहा शॉट मारा. काटा दर शॉटला थोडा हलून लगेच जागेवर आला तर बरं. तो खाली जाऊन रेंगाळत असेल तर हवा अपुरी पडतेय. कॉम्प्रेसरच्या मोटरचा आवाजही ऐका. तुमचे फुसके शॉट मोटर सुरू होण्याच्या जरा आधी येतात का? छोट्या कॉम्प्रेसरची मोटर टाकीतलं प्रेशर बरंच उतरल्यावर चालू होते. तुम्ही रेग्युलेटर ११० वर ठेवलाय आणि टाकीत ८५ च उरलंय, तर नेलरला ८५ च मिळणार. मग दहा-बारा शॉट चांगले, एक फुसका, मोटर सुरू, परत दहा-बारा चांगले, असं चक्र दिसतं. तुमचा ‘दर दहा-पंधरा शॉटमागे एक’ हा हिशेब वाचून मला पहिली शंका हीच आली.

पाइप आणि तो जोडणारा कपलर, दोन्ही तपासा. स्प्रिंगसारखे गुंडाळलेले बारीक पाइप लांब असले की हवेचा वेग मारतात. पंधरा-वीस मीटर पाइप, मध्ये दोन जोड आणि त्यात एक स्वस्तातला कपलर, एवढ्याने चांगला नेलर आजारी वाटू शकतो. तपासणी सोपी आहे: दोन-तीन मीटरचा जाड पाइप थेट कॉम्प्रेसरला लावा आणि तिथेच उभं राहून पन्नास ब्रॅड मारा. एकही फुसका गेला नाही, तर नेलर उघडायची गरजच नाही.

एकदा माझ्याकडचा एक नेलर तीनदा दुरुस्तीला जाऊन आला. दर वेळी ओ-रिंग नवीन आणि आठवड्यात तीच रड. चौथ्यांदा मी दुसऱ्या टेबलावरचा पाइप सहज त्याला लावला आणि तो लख्ख चालायला लागला. जुना पाइप कपलरपाशी कापून बघितला, तर आतला थर सुटून त्याची जीभ तयार झाली होती. हवा सावकाश वाहिली तर ती जीभ बाजूला राहायची, शॉट मारला की हवेच्या झोताने वाटेत आडवी यायची. बाहेरून पाइप अगदी धडधाकट होता. तेव्हापासून नेलर खोलायच्या आधी पाइप बदलून बघायचा, हा माझा नेम आहे.

पाण्याचंही तेच. टाकीत साठलेलं पाणी रोज काम संपल्यावर खालच्या व्हॉल्व्हमधून सोडून द्या. ते पाणी हवेबरोबर नेलरमध्ये गेलं की तेल धुतलं जातं आणि झडपांपाशी गंज धरतो. एक्झॉस्टपाशी दुधाळ फेस दिसला तर तेलात पाणी मिसळतंय असं समजा. फार थंडीत ओ-रिंग कडक होते, तेव्हा सकाळचे पहिले काही शॉट अडखळणं आणि मग सुरळीत होणं हा दोष धरू नका.

आता दुसरी शक्यता: ड्रायव्हर वर, खोबण रिकामी. याचं मूळ मॅगझिनमध्ये असतं. पाइप काढून मॅगझिन रिकामं करा आणि पुशर (ब्रॅड पुढे ढकलणारा तुकडा) बोटाने मागे नेऊन सोडा. तो ताडकन पुढे यायला हवा. रेंगाळला तर वाटेत भुसा, डिंकाचे कण किंवा तेल आहे. बरेच जण चांगल्या हेतूने मॅगझिनमध्ये तेल सोडतात. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डची) बारीक धूळ त्या तेलात कालवली जाते आणि पुशरच्या वाटेवर लगदा बसतो. मॅगझिन कोरड्या फडक्याने पुसा, कोपऱ्यांतून जुना टूथब्रश फिरवा आणि कोरडंच ठेवा. फार घासत असेल तर मेणाचा हलका हात पुरे. साफ करूनही पुशर दमलेला वाटला तर त्याची स्प्रिंग बदला.

ब्रॅड हातात घेऊन बघा. १८ गेजच्या ब्रॅडची जाडी साधारण १ ते १.२५ मिलिमीटर असते, १६ गेजची दीड मिलिमीटरच्या आसपास. १८ च्या नेलरमध्ये १६ चे ब्रॅड बसत नाहीत, ते लगेच कळतं. उलट १६ च्या नेलरमध्ये १८ चे ब्रॅड भरले तर बसतात, सैल राहतात आणि दोन-दोन शिरतात. डिंकाने चिकटवलेल्या ब्रॅडची पट्टी सपाट पृष्ठभागावर ठेवा. ती केळ्यासारखी वाकलेली असेल, डिंक सुटून ब्रॅड वरखाली सरकले असतील किंवा गंजाची झाक आली असेल, तर ती पट्टी बाजूला काढा. तुकड्यांचीही काळजी घ्या. चार-पाच ब्रॅडचे उरलेले तुकडे दोन सबंध पट्ट्यांच्या मधे सरकवले की ते मॅगझिनमध्ये कलतात आणि तिथेच कोंडी होते. माझ्याकडे असे तुकडे डब्यात जमा होतात आणि हातोडीने मारायच्या बारीक कामाला वापरले जातात. नेलरमध्ये परत जात नाहीत. शक्य असेल तर दुसऱ्या बनावटीच्या ब्रॅडची एक पेटी आणून शंभर शॉट मारून बघा. पेटी बदलून दोष गेला, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

बऱ्याच मॉडेलमध्ये शेवटचे काही ब्रॅड उरले की नेलर मुद्दाम बंद पडतो, म्हणजे रिकामा शॉट जाऊ नये. ट्रिगर दाबूनही आवाजच आला नाही, तर आधी मॅगझिनच्या खिडकीतून किती उरलेत ते बघा. तुमच्या तक्रारीत आवाज होतो, म्हणून हे तुम्हाला लागू नाही.

तिसरी शक्यता ड्रायव्हरच्या टोकाची, आणि दोन ब्रॅड एकदम जाण्याचं रहस्य इथे असू शकतं. ते टोक चौकोनी, कडा धारदार असायला हवं. कोपरा तुटला किंवा टोक गोल झालं की ड्रायव्हर ब्रॅडच्या डोक्यावरून निसटतो, शेजारच्या ब्रॅडलाही ओढतो आणि दोघे मिळून तोंडात अडकतात. भिंगातून बघा. झीज अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर मी बारीक दगडावर, मधे मधे पाण्यात बुडवत, टोक सरळ करून घेतो. ग्राइंडरवर निळं पडेपर्यंत घासलं तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि ते टोक टिकत नाही. झीज अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर घासून उपयोग नाही, कारण ड्रायव्हर आखूड होतो आणि ब्रॅडचं डोकं वर राहायला लागतं. ड्रायव्हर बहुधा पिस्टनसकट एकत्रच मिळतो. सोबत तोंडाच्या पट्टीचे बोल्ट घट्ट आहेत ना, ते बघा. तिथे केसाएवढी फट पडली तरी दुसरा ब्रॅड शिरायला वाट मिळते.

पण दोन ब्रॅड एकाच शॉटमध्ये गेले की दोन शॉटमध्ये, हे आधी नक्की करा. एकदा दाबल्यावर ‘टक्-टक्’ असा जोडआवाज आला तर नेलर दोनदा सुटलाय. ट्रिगर दाबून ठेवून टोक टेकवलं की सुटणाऱ्या प्रकारात हे होतं. शॉटच्या धक्क्याने नेलर उडतो, टोक परत टेकतं आणि दुसरा ब्रॅड पहिल्याच्या डोक्यावर बसून वाकतो. इथे ड्रायव्हरचा संबंध नाही. नेलर घट्ट दाबून धरा, शॉट झाला की ट्रिगर पूर्ण सोडा, आणि मॉडेलमध्ये सोय असेल तर एका दाबाला एकच शॉट असा प्रकार निवडा. बारीक कामाला तोच बरा.

ब्रॅड लाकडाच्या बाजूने बाहेर फुटत असतील तर ते अडकणं नव्हे. ब्रॅडचं टोक छिन्नीसारखं असतं आणि गाठ किंवा कडक रेषा लागली की तो नेलरच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला वळतो. अरुंद कडेवर मारताना मॅगझिन कडेच्या लांबीला काटकोनात धरलंत, तर वळलेला ब्रॅड लाकडाच्या आतच लांबीने जातो. आणि दुसऱ्या हाताची बोटं ब्रॅडच्या लांबीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. हे मी कळकळीने सांगतोय. वळलेला ब्रॅड बोटात शिरलेला मी पाहिलाय.

एवढं करूनही ड्रायव्हर खालीच राहत असेल, तर मग उघडायचं. उघडण्याआधी हवा जोडून, ब्रॅड काढून, कान लावा. काही न दाबता एक्झॉस्टमधून हवा सुटत असेल तर हेड व्हॉल्व्हची रिंग. ट्रिगरपाशी सुटत असेल तर ट्रिगरच्या व्हॉल्व्हची. शॉट मारून ट्रिगर दाबून धरल्यावर तोंडाकडून हवा येत राहिली तर बंपर किंवा पिस्टनची रिंग. पाइप काढा, डोक्याचे चार ॲलन बोल्ट थोडे थोडे सोडा, कारण आत हेड व्हॉल्व्हची स्प्रिंग आहे. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. रिंग त्याच मॉडेलच्या संचातली घ्या. जवळपासच्या मापाची रिंग एक तर पिस्टन जाम करते किंवा हवा सोडते. रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊ नका, त्याने रबर फुगतं. कोरड्या फडक्याने पुसा, रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. बंपर बोटाने दाबून बघा. तडे गेलेत, चुरा निघतोय किंवा मधलं भोक आवळलंय, तर रिंगबरोबर तोही बदला. ११० वर काही दिवस चालवल्यामुळे तुमच्या बंपरकडे मी खास लक्ष देईन. बोल्ट परत लावताना समोरासमोरचे, आलटून पालटून आवळा.

काही गोष्टी अजिबात नकोत. अडकलेला ब्रॅड काढायला तोंडावर हातोडी मारू नका, खोबण चेपली की नेलर पुन्हा कधीच सुरळीत होत नाही. पकडीने ओढा, नाहीतर सळईने ड्रायव्हर मागे सारून ब्रॅड मोकळा करा. टोकाची सुरक्षा पट्टी (टोक लाकडावर टेकल्याशिवाय शॉट सुटू न देणारी) बांधून किंवा काढून ठेवू नका. आणि कॉम्प्रेसर नाही म्हणून ऑक्सिजन किंवा दुसऱ्या कुठल्या वायूचा सिलिंडर नेलरला कधीही जोडू नका, त्याने स्फोट होऊ शकतो.

नवीन नेलर घ्यायचा का, हे सुट्या भागांवर ठरतं. पिस्टन-ड्रायव्हर आणि रिंगचा संच मिळत असेल तर वर्षाच्या आतला नेलर टाकून द्यायचं कारण मला दिसत नाही. भाग मिळतच नसतील आणि ड्रायव्हरचं टोक गेलं असेल, तर दुरुस्तीत दिवस घालवू नका.

तुमच्या जागी मी असतो तर उद्या सकाळी एवढंच केलं असतं. टाकीतलं पाणी सोडलं असतं, प्रेशर ८५ वर आणलं असतं, तेल लागणारा नेलर असेल तर पाच थेंब टाकले असते, मॅगझिन पुसून एक सबंध, सरळ पट्टी भरली असती. आखूड पाइप लावून, गॉगल घालून, टाकाऊ लाकडावर शंभर ब्रॅड मारले असते आणि पहिल्या फुसक्या शॉटला थांबून तोंड उघडलं असतं. तुम्ही हे करा आणि तीन गोष्टी कळवा: ड्रायव्हर वर होता की खाली, खोबणीत ब्रॅड होता का, आणि त्या वेळी कॉम्प्रेसरची मोटर चालू होती की बंद. जमलं तर ड्रायव्हरच्या टोकाचा जवळून काढलेला फोटोही पाठवा.